उन्हाची गोळी, सावलीची गोळी

कौसल्ये, काल पौर्णिमा होती. सकाळी अंघोळ झाली, केस पुसले, आणि सवयीने दोन्ही बाह्या कोपरांच्या वर सारून मी खिडकीपाशी येऊन बसले. पाच-दहा मिनिटं तशीच बसून होते. मग लक्षात आलं, की आता पेन्सिल घेऊन कुणी येणार नाही. बाह्या खाली घेतल्या आणि चहा टाकला. दोन कप टाकला, हेही सांगून टाकते. तुझ्याशी खोटं बोलायचा माझा वाटा मी केव्हाच संपवून बसले आहे.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. तुझ्या इंदोरा वस्तीतल्या विहारात सगळे जमले होते, तेव्हा तुझ्या वहिनीने मला बोलायला सांगितलं. चार माणसं दिसली की गोष्ट सुरू करणारी मी. उभी राहिले, तुझ्या फोटोकडे पाहिलं आणि खाली बसले. तू असतीस तर शेजारणीच्या कानात म्हणाली असतीस, "नटवी डायलॉग विसरली." विसरले नव्हते गं. जे बोलायचं होतं ते तुझ्याशी होतं, आणि सोळा वर्षांत ते मी बोलले नव्हते. ते एवढंच होतं: माझी गोळी मी घेत नव्हते. तू माझ्याकडे पाहून तुझी गोळी बदललीस, आणि मी माझी घेत नव्हते.

पण मला गोष्ट मधूनच सांगता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. पहिल्यापासून सांगते. तू ऐकलेलीच आहे, तरी ऐक.

नागपूरच्या धंतोलीतल्या त्या कातडीच्या डॉक्टरांचा व्हरांडा. एक लांब बाक, त्यावर यवतमाळपासून गोंदियापर्यंतची माणसं, आणि सगळ्यांच्या टोकाला मी, पदर नाकापर्यंत ओढून. शाळेत मास्तरीण, हौशी नाटकांत नायिका, वय सव्वीस, आणि खालच्या ओठावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग. घरात त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. 'ते' म्हणायचे. तू शेजारी येऊन बसलीस, माझ्याकडे नीट पाहिलंस आणि विचारलंस, "दात दुखून राहिला काय?"

"नाही," मी पदराआडून म्हणाले.

"मग तोंड काहून बांधलं? इथं सारे त्याच्याचसाठी आले. पाह्य, माझं." आणि तू दोन्ही हात माझ्या मांडीवर ठेवलेस. बोटांच्या सांध्यांवर, मनगटावर, पांढरंच पांढरं. कपाळाच्या कडेला एक. "गुडघ्यावर बी आहे, पाठीवर बी आहे. ते इथं नाई दाखवत. दर महिन्याले नवीन निघते. मी ऑफिसात दिवसभर नकाशे उतरवते, आता माझाच नकाशा होऊन राहिला."

तू पाटबंधारे खात्यात ट्रेसर होतीस. इंजिनिअरांच्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून ते रेघ न् रेघ उतरवायचे, हे तुझं काम. धरणं बांधणाऱ्यांची नावं पाटीवर लागायची आणि रेघा तुझ्या असायच्या.

मी पदर खाली घेतला. त्या दिवशी मी तुला आईची गोष्ट सांगितली: तिने माझा पाण्याचा पेला वेगळा ठेवला होता. भांडणतंटा काही नाही. एके सकाळी फळीवर माझा पेला बाकीच्यांपासून वीतभर लांब होता. कापडाचं दुकान, देवघर, दारात तुळस, अशा आमच्या घरात माझ्या वाट्याला ते आलं. सांगताना मला रडू येत होतं. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "आता कसं वाटते? आमचा पेला तर तुमच्या घरी जन्मापासून वेगळा होता."

तू हसलीस. मी हसले नाही. आठ दिवसांनी हसले, वर्गात, फळ्याकडे तोंड करून, आणि हसता हसता मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रविवारी तुझ्या घरी आले, तुझ्या माठातलं पाणी मागून प्यायले. तू म्हणालीस, "बस, आता जास्त नाटक नको करू." आणि दुसरा पेला भरून दिलास.

डॉक्टरांनी तपासून दोघींना दोन वेगळ्या गोळ्या दिल्या होत्या. तुझं पसरणं वेगात होतं, म्हणून तुला स्टेरॉइडची बारीक पांढरी गोळी. सकाळी खाल्ल्यावर घ्यायची, मीठ कमी, आणि काही झालं तरी मनाने एकदम बंद करायची नाही. ती पसरणं थांबवते, म्हणाले. माझं पसरणं सावकाश होतं, म्हणून मला बावचीच्या कुळातली गोळी. बावचीचं बी वैद्य पूर्वीपासून देत आले, त्यातलाच गुण गोळीत आणलेला. एक दिवसाआड घ्यायची, दोन तास थांबायचं, मग डाग उन्हात धरायचे, पाच मिनिटांपासून सुरुवात. दिवसभर काळा चष्मा. ती गेलेला रंग परत आणते, म्हणाले, पण धीर हवा. व्हरांड्यातून उतरता उतरता आपण बारसं केलं: माझी उन्हाची गोळी, तुझी सावलीची.

"एक लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाले होते, "दोघींनी आपसात तुलना करायची नाही. कोड एकच दिसतं, पण प्रत्येकाचं वेगळं वागतं. तुमच्या दोघींवरून काहीही ठरत नाही."

आपण माना डोलावल्या. रस्ता ओलांडेपर्यंत तू सगळं ठरवून टाकलं होतंस.

पौर्णिमेला तू सकाळी विहारात जायचीस. तिथून आलीस की तुझ्या खोलीचं दार लावायचं आणि एकमेकींचे डाग उतरवायचे. ऑफिसातला वाया गेलेला ट्रेसिंग पेपर तू साहेबांना विचारून आणलास. कागद डागावर ठेवायचा, टोकदार पेन्सिलने कड फिरवायची, श्वास रोखून. पेन्सिल फिरताना गुदगुल्या व्हायच्या आणि मी हलले की तू माझ्या दंडावर चापट मारायचीस. "हलू नको वं, बांध फुटला ना." मग तो कागद चौकोनांच्या कागदावर ठेवून डागात किती चौकोन बसतात ते मोजायचे. खाली तुझ्या त्या छापील वाटाव्या अशा अक्षरात चार रकाने: नाव, डाग, चौकोन, औषध. माझ्या उजव्या कोपराच्या मागे एक डाग होता, जो मला आरशातही धड दिसत नसे. त्याचा आकार मला फक्त तुझ्या कागदावरून माहीत होता.

मोजणी झाली की संत्री. आईने आंबट सगळं बंद केलं होतं. "दही नाही, चिंच नाही, संत्रं तर घरात दिसता कामा नये, त्यानेच पसरतं." डॉक्टर म्हणाले, तसं काही नसतं, पण आईपुढे डॉक्टर कोण? नागपुरात राहून संत्र्यांना मुकलेली मुलगी म्हणजे मी एकटीच असेन. तुझ्या खोलीत मी एका बसणीला आठ-आठ खायची. तू सालं गोळा करत म्हणायचीस, "तुझ्या मायनं पाह्यलं तर मलेच गोळी घालन."

मी सांगू का, माझ्या आयुष्यात मला सगळ्यांत जास्त पाहिलं ते तू. मी रंगमंचावर उभी राहायची तेव्हा पाचशे माणसं पाहत असत, पण ती रंग पाहत असत. ओठावर लाली, हातांवर रंग, बोटांना अळता. डाग असा झाकून जायचा की मलाच विसर पडायचा. तू पहिल्या रांगेत. नाटक संपलं की आत येऊन खोबरेल तेलाने माझं तोंड पुसायचीस आणि डाग वर आला की म्हणायचीस, "आता दिसली माझी नटवी."

आता ते सांगते.

एप्रिलचा शेवट. धरमपेठेतली आमची गच्ची. आईने कुरडया घातल्या होत्या आणि कावळ्यांना हाकलायला मला बसवलं होतं. मी गोळी घेऊन दोन तास थांबलेली, काळा चष्मा लावलेला, म्हटलं एका कामात दोन कामं. वेळ दहा मिनिटांची. पण पुढच्या आठवड्यात नाटक होतं आणि गच्चीवर कुणी नव्हतं. मी कुरडयांना प्रेक्षक केलं आणि तिसऱ्या अंकातला माझा लांबलचक संवाद म्हणायला लागले. कावळ्यांनीही ऐकून घेतला. पहिल्यांदा बरा झाला नाही म्हणून पुन्हा म्हटला. नागपूरचं ऊन ते. त्याला नाटकाची काय कदर. रात्रीपर्यंत ओठ टोमॅटोसारखा, हातांवर फोड, दुसऱ्या दिवशी ते लिंबाएवढे. नाटकात माझी भूमिका दुसरीने केली आणि, देव तिचं भलं करो, वाईट केली.

तू मला भेटायला आलीस तेव्हा मी फोडांची गोष्ट अशी रंगवून सांगितली की तू डोळे पुसेपर्यंत हसलीस. पण आतून मी घाबरले होते. फोड बरे झाल्यावर गोळी हातात घ्यायची आणि परत डबीत टाकायची. डॉक्टर म्हणाले, पुन्हा सुरू करा, कमी वेळ, सकाळच्या कोवळ्या उन्हात. मी हो म्हणाले. आणि गच्चीवरच्या सदाफुलीच्या कुंडीत बोटाने खळगा करून एक दिवसाआड एक गोळी पुरत राहिले. सदाफुली मजेत होती.

डॉक्टरांशी खोटं बोलले ते भीतीने. तुझ्याशी का बोलले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. गोळी बंद म्हटलं की तुलना बंद. तुलना बंद की कागद बंद, पौर्णिमा बंद. मग तू कशाला माझ्याकडे येशील आणि मी कोणापुढे बाह्या वर करीन? एवढंच होतं ते. तू तशीही आली असतीस, हे आज कळतं. तेव्हा मला वाटायचं, आपल्याला त्या कागदानेच एकत्र धरलं आहे.

आणि मग गंमत झाली, जिला आज मी गंमत म्हणू शकत नाही. माझे डाग थांबले. काही न घेता, आपले आपण. ओठावरचा तर कडेने भरायला लागला. चार पौर्णिमा तू माझे चौकोन मोजलेस आणि दर वेळी ते कमी भरले. तुझंही पसरणं थांबलं होतं, हे खरं. सावलीच्या गोळीने तिचं काम केलं होतं. पण तुझा चेहरा फुगून चंद्रासारखा झाला होता, झोप उडाली होती, भूक अशी की डबा ऑफिसात पोचायच्या आत संपायचा. गेलेला रंग मात्र टिकलीएवढासुद्धा परत आला नव्हता. तू दोघींचे कागद शेजारी ठेवलेस, बराच वेळ पाहिलेस.

"तुझी गोळी जिंकली वं," तू म्हणालीस.

मी तिथे बोलायला हवं होतं. संत्र्याची फोड तोंडात होती. मी ती सावकाश चघळत राहिले.

तू डॉक्टरांकडे हट्ट धरलास. ते म्हणाले, घाई करू नका, तुमचं आत्ताच थांबलंय. तू म्हणालीस, मैत्रिणीचं मी डोळ्यांनी पाहिलंय. शेवटी त्यांनी सावलीची गोळी थोडी थोडी करत उतरवली आणि उन्हाची सुरू केली. तू नियमाने घेतलीस, घड्याळ लावून, एकही चुकवली नाहीस. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत डाग कपाळावरून गालांवर आले होते, मनगटांवरून दंडांवर. मधे राहिलेली कातडी उन्हाने काळीभोर. डॉक्टरांनी मग ती गोळीही थांबवली. सावलीची पुन्हा घ्यायला तू तयार नव्हतीस.

त्या दिवसांतली एक पौर्णिमा मला विसरता येत नाही. तू तुझा हात माझ्या हाताशेजारी ठेवलास. "मी एका उन्हाळ्यात अशी कोळसा झाली. तुझे हात इतके गोरे कसे राहिले, सव्वा वर्ष ही गोळी खाऊन?"

मी अख्खा अंक सादर केला. कोवळं ऊन, ओढणीची चाळण, आमच्या घराण्याची कातडी. हातवारे केले, आईची नक्कल केली. तू माझ्या तोंडाकडे पाहत राहिलीस. मग म्हणालीस, "असन." आणि पेन्सिलला टोक काढायला लागलीस.

माझ्यामुळे पसरलं का? डॉक्टरांना मी पुढे एकदा आडून विचारलं. ते म्हणाले, एखाद्याचं तीच गोळी चालू असतानाही पसरतं, एखाद्याचं काही न करता थांबतं, कुणी सांगावं. मी ते उत्तर घरी घेऊन आले. त्याने एक रात्रही झोप लागली नाही.

आणि तू? तू पांढरी होत गेलीस, वर्षावर्षाने, शेवटी पापण्यांपर्यंत. "आता डाग कुठं आहे? आता सारं एकच," म्हणायचीस. स्टेशनवर कुणीतरी तुला गोरी बाई समजून इंग्रजीत रस्ता सांगितला, तर तू त्याला म्हणालीस, "भाऊ, मी इंदोऱ्याची आहो, मले रस्ता माहीत आहे." तुझ्या पोटजातीतली, तुला मागणी घालायला आलेली दोन माणसं तुला पाहून परत गेली, हे तू सांगितलंस तेही हसवत. हसवणं माझं काम होतं कौसल्ये. ते तू माझ्याकडून केव्हा घेतलंस?

मोजणी मात्र चालू राहिली. तुझे चौकोन मोजण्यात अर्थ राहिला नव्हता, तर तू म्हणालीस, "तुझे मोजू. एकीचं तरी काम चालू राहू दे." आई गेल्यावर तू धरमपेठेत माझ्याकडे यायला लागलीस. आणि संत्री सोलता सोलता आपला तो जुना वाद. तू म्हणायचीस सावलीची गोळी बरी होती, मी सोडायला नको होती. मी म्हणायची उन्हाचीच बरी. सोळा वर्षं मी एका गोळीची वकिली केली, जी मी धड पाच आठवडेही घेतली नव्हती. तू प्रत्येक वेळी शेवटी विचारायचीस, "नक्की ना वं?" मी म्हणायची, नक्की. तू दुसरं संत्रं उचलायचीस.

मला वाटायचं तू हरलीस म्हणून गप्प होतेस.

तीन दिवसांपूर्वी तुझी वहिनी आली. नकाशे ठेवायचं तुझं पत्र्याचं नळकांडं तिने माझ्या हातात दिलं. "ताई म्हणे, हे मास्तरणीले देजा." मी ते दोन दिवस उघडलं नाही. काल, चहाचा दुसरा कप निवत असताना, उघडलं.

सगळे कागद होते. पिवळे पडलेले, कडांना फाटलेले, पण क्रमाने. मी माझे वेगळे काढून मांडत गेले. सुरुवातीच्या कागदांवर औषधाच्या रकान्यात निळ्या शाईत लिहिलेलं: उन्हाची गोळी. तेवढंच अपेक्षित होतं. फोडांनंतरच्या पहिल्या कागदावर त्या शब्दांवर एक रेघ होती. तुझी रेघ, पट्टी लावून मारलेली, काळ्या शाईत. वर बारीक अक्षरात: नाही. पुढच्या कागदावर तेच. त्याच्या पुढच्यावर तेच. ज्या पौर्णिमेला तू हाताशेजारी हात ठेवून पाहिलास, तिच्या कागदापर्यंत सगळे दुरुस्त केलेले, एकाच शाईत, एकाच बैठकीत केल्यासारखे. आणि त्याच्यानंतरच्या प्रत्येक कागदावर तो रकाना तू भरलाच नव्हतास. शेवटपर्यंत रिकामा.

म्हणजे त्या दिवशी "असन" म्हणालीस तेव्हा तुला कळलं होतं. तुझ्या गालांवर तोवर पसरलं होतं, आणि तुला कळलं होतं. तू घरी जाऊन चुकीचा नकाशा दुरुस्त केलास, कारण चुकीचा नकाशा तुला पाहवत नसे. आणि पुढच्या पौर्णिमेला संत्री घेऊन आलीस. सोळा वर्षं "नक्की ना वं" विचारत राहिलीस. मला दार उघडून देत होतीस आणि मी दर वेळी बाहेरूनच नमस्कार करून जात होते.

मी रडले. तुझ्यावर चिडलेही. एकदा तरी बोलायचं होतंस, शिवी द्यायची होतीस, पेला वेगळा ठेवायचा होतास. तू कशी काय माझे चौकोन मोजत राहिलीस, ते कमी झाले की खूश होत राहिलीस? हे मला तुझ्याकडून ऐकायचं होतं. आता ऐकवणारं कुणी नाही. या खोलीत मी काहीही बोलले तरी ते माझं मलाच ऐकू येतं, आणि मला प्रेक्षक नसले की माझा आवाज ओळखू येत नाही.

मग उठून तुझ्याच नळकांड्यातला एक कोरा कागद घेतला. पेन्सिलला टोक काढलं. ओठावरचा डाग आता आरशात शोधावा लागतो. बोटांवरचे तेवढे उरले आहेत. ते डाव्या हाताने, वाकडेतिकडे, उतरवले. बांध दोनदा फुटला. चौकोन मोजले. खाली रकाने आखले, नाव लिहिलं. औषधाच्या रकान्यात लिहिलं: घेतलं नाही, कौसल्येला सांगितलं नाही. रकाना पुरला नाही, अक्षर शेजारच्यात गेलं.

उजव्या कोपराच्या मागचा राहिला. हात मागे नेऊन कागद धरून पाहिला, दोनदा पडला. तो वाढला आहे की भरला आहे, मला माहीत नाही. ती जागा मी कोरी ठेवली आहे.